पोटातील आहारनळीचा खर्च: अंदाजपत्रक, विमा आणि त्यानंतरचे महिने

पक्षाघातानंतर गिळता येत नाही, किंवा तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन सुरू असल्याने घास उतरत नाही, अशा रुग्णाला आधी नाकातून नळी घालतात. तिची गरज चार ते सहा आठवड्यांच्या पुढे जाणार असे दिसले, की डॉक्टर पोटातून नळी बसवण्याचा सल्ला देतात. दुर्बिणीच्या साहाय्याने बसवलेल्या या नळीला रुग्णालयात सगळे ‘पेग’ म्हणतात. ही पद्धत अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे 1979 मध्ये प्रथम वापरली गेली आणि त्यानंतर बहुतेक रुग्णांचे पोट उघडण्याची गरज उरली नाही. एरवी अडचण नसेल तर आज हे काम साधारण अर्ध्या तासात होते. नातेवाइकांनी खर्च विचारला की जो आकडा सांगितला जातो तो बहुधा या अर्ध्या तासाचाच असतो, आणि गफलत तिथूनच सुरू होते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात डॉक्टरांची फी, भूलतज्ज्ञ, एंडोस्कोपी कक्षाचे किंवा शस्त्रक्रियागृहाचे शुल्क, नळीचा संच, औषधे आणि खोलीभाडे वेगवेगळे लिहून मागावे. काही कारणाने दुर्बीण आत जात नसेल तर पोट उघडून नळी बसवावी लागू शकते आणि मग भूल, मुक्काम व बिल तिन्ही वाढतात. ही शक्यता किती आहे ते आधीच विचारावे. महाराष्ट्रात 2021 मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते, त्यामुळे दर विचारताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आता विम्याकडे वळू. पॉलिसीत ‘डे केअर’ उपचारांचे कलम असेल आणि ही प्रक्रिया त्यात बसत असेल, तर चोवीस तास दाखल राहण्याची अट आड येत नाही. मात्र डिस्चार्ज समरीत केवळ ‘पोषणासाठी नळी’ असे लिहिलेले असेल तर क्लेम तपासणाऱ्याला शंका घ्यायला जागा मिळते. गिळण्याची क्षमता कशामुळे गेली, नाकातली नळी किती दिवस होती, पेग का आवश्यक ठरली, हे डॉक्टरांकडून दोन वाक्यांत लिहून घ्यावे.

खोलीभाड्याची मर्यादा हा सर्वांत महागात पडणारा भाग आहे. समजा, पॉलिसीत दिवसाला 5,000 रुपयांची मर्यादा आहे आणि आपण 8,000 रुपयांच्या खोलीत दोन दिवस राहिलो. आपल्याला वाटते की फरकाचे 6,000 रुपये भरले की सुटलो. प्रत्यक्षात पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे कलम असेल, तर डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग अशा संबंधित खर्चालाही तेच पाच-अष्टमांशाचे प्रमाण लागते. हा खर्च 24,000 असेल तर कंपनी 15,000 देते, उरलेले 9,000 आपले. म्हणजे एकूण 15,000 रुपये खिशातून गेले. औषधे, तपासण्या आणि नळीसारखी वैद्यकीय साधने यांना मात्र ही कपात लावता येत नाही, आणि आयसीयूच्या शुल्कालाही नाही. हिशेबात ती लावलेली दिसली तर हरकत घ्यावी.

आमच्या घरच्या एका बिलात ‘किट – 1’ अशी एक ओळ होती आणि नेमकी तीच कंपनीने कापली. विमा नियामकाने न देय वस्तूंची जी 68 नोंदींची यादी केली आहे, तिच्यात तपशील नसलेले कोणतेही ‘किट’ आहे. मग ते पेगचे आहे हे बिल पाहणाऱ्याने ओळखायचे कसे? नळीचे नाव, माप आणि वेष्टनावरचे स्टिकर बिलाला जोडून घेतल्यावर तो भाग मंजूर झाला. त्याच यादीत हातमोजे, डायपर, खासगी नर्स आणि रुग्णाचा जादा आहार आहे, तेव्हा तेवढी रक्कम आपली धरूनच चालावे. आहाराच्या पावडरीबाबत एक सूक्ष्म भेद आहे: प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारी पूरके वगळलेली असतात, पण दाखल असताना डॉक्टरांनी उपचाराचा भाग म्हणून लिहून दिली असतील तर ती मागता येतात.

क्लेम नाकारला गेला तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागावे. कंपनीच्या तक्रार विभागाकडे दाद मागून महिन्याभरात समाधान झाले नाही, तर आपल्या भागासाठीच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही.

विमाच नसेल तर दाखल होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूळ आजाराचे कोणते पॅकेज लागू होते ते विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका मात्र सोबत हवी.

यानंतरचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो. रुग्णाला दिवसाला 1,500 किलोकॅलरी लागत असतील आणि पावडरीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 430 असतील, तर रोज साधारण 350 ग्रॅम पावडर लागते. म्हणजे 400 ग्रॅमचा डबा एका दिवसाहून थोडाच अधिक पुरतो. महिन्याला 26 डबे. डबा 700 रुपयांचा धरला तरी 18,200 रुपये. चार-पाच महिन्यांत हा आकडा नळी बसवण्याच्या बिलालाही मागे टाकू शकतो, आणि नेहमीची पॉलिसी तो देत नाही. त्यामुळे घरी शिजवून, मिक्सरमधून काढून, बारीक गाळलेला आहार काही वेळा देता येईल का, हे आहारतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत विचारावे. मनाने सुरू करू नये, कारण दाट पेजेने नळी तुंबली की ती बदलण्याचा खर्च पुन्हा आपल्यावरच येतो.

नळी कायमची नसते. पोटातल्या टोकाशी फुगा फुगवून अडकवलेली असेल तर काही महिन्यांत बदलावी लागते, आणि हे काम बाह्यरुग्ण विभागात झाल्यास ओपीडीचे संरक्षण नसलेल्या पॉलिसीतून पैसे मिळणे कठीण असते. गोंधळलेला रुग्ण ती ओढून काढतो तेव्हा घरी परत घालू न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे, कारण छिद्र काही तासांतच आक्रसू लागते आणि उशीर झाला तर सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागू शकते. हे टाळण्यासाठी नळीवरून पोटाचा पट्टा बांधायला सांगतात. तो स्वस्त असतो, पण त्या 68 नोंदींत तोही आहे.