छाटणीआधी गनचा खटका खोलून बघा

ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर द्राक्ष बागायतदाराची यादी लांबलचक असते. टोळी ठरवायची, डोळे फुटायला लावायच्या पेस्टचं औषध आणायचं, फवारणीच्या एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाचं ऑइल बदलायचं, नोझलच्या चकत्या नव्या टाकायच्या. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, कुठंही जा, यादी हीच. तिच्यात फवारणीच्या गनचा खटका मात्र कधी नसतो. खटका गळायला लागला की त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, घट्ट झाला की गड्यानं बोटं दुखेपर्यंत दाबायचा, आणि अगदीच अडला की तारेनं आवळून कायमचा उघडा ठेवायचा, हाच आपला रिवाज. मीही बरीच वर्षं हेच केलं.

ज्यांच्याकडं ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे त्यांना वाटेल की हे आपल्यासाठी नाही. पण कोपऱ्यातली झाडं, बांधाकडची ओळ, नवी लागण आणि चिखलामुळं ट्रॅक्टर आत जात नाही असे दिवस, तिथं शेवटी नळी आणि गनच लागते. एक-दीड एकरवाल्याचं तर सगळंच तिच्यावर.

छाटणीनंतर डोळे फुटून पोंगा दिसू लागला की फवारण्या सुरू होतात. त्या दिवसांत वेलीवर पान असतं किती? काडीवर बोटभर हिरवं आणि मध्ये नुसती हवा. नऊ बाय पाच फुटांची लागण धरली तर एका एकरात साधारण तेवीस ओळी बसतात. ओळ संपल्यावर नळी ओढून पुढच्या ओळीला लागायला दहा सेकंद जातात असं समजा. गन मिनिटाला सहा लिटर सोडत असेल, तर उघड्या खटक्यानं प्रत्येक वळणावर एक लिटर औषध बांधावर. एका फवारणीत तेवीस लिटर. एकरी तीनशे लिटर पाणी वापरत असाल तर जवळजवळ आठ टक्के औषध नुसत्या वळणांवर सांडलं. वेलींमधल्या मोकळ्या जागा यात धरलेल्याच नाहीत.

मग गडी खटका सोडत का नाही? आळशी असतो म्हणून नाही. एकदा सोडला की परत दाबायला जोर लागतो म्हणून.

हा जोर येतो कुठून ते पाहायला गन ओसरीवर घेऊन बसा. पंप बंद, टाकीकडची नळी सोडलेली, आणि खटका एकदा दाबून आतला दाब घालवलेला. मागची टोपी पान्ह्यानं सोडवली की स्प्रिंग बाहेर उडी मारते, म्हणून टोपीवर फडकं धरा. स्प्रिंगच्या मागोमाग पिन येते, पितळेची किंवा स्टीलची, तिच्या टोकाला रबराची किंवा नायलॉनची टोपी. ही टोपी ज्या गोल भोकावर बसते ती खरी बैठक. बऱ्याच पिस्तूल-मुठीच्या गनमध्ये पाण्याचा दाब पिनीला बंद व्हायच्या दिशेनंच रेटत असतो. म्हणजे खटका दाबताना तुम्ही स्प्रिंगशी आणि पंपाशी, दोघांशी झटत असता.

आता हिशेब करा. बैठकीचं भोक ६ मिलिमीटरचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस सेंटिमीटर. पंपाचा काटा पंचवीस किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पंचवीस किलो) असेल तर पिनीवर सात किलोचा रेटा. खटका ज्या खिळ्यावर फिरतो तिथून पिन दीड सेंटिमीटरवर आणि मधलं बोट सहा सेंटिमीटरवर असेल, तर बोटाला त्याच्या चौथाई जोर लागतो, पावणेदोन किलो, वर स्प्रिंगचा वेगळा. हीच बैठक ९ मिलिमीटरची असली तर पिनीवर जवळजवळ सोळा किलो येतात आणि बोटावर चार. भोक दीडपट, जोर सव्वादोनपट. दुकानात “मोठ्या भोकाची गन, पाणी जास्त फेकते” असं ऐकून जी गन आपण आणतो, ती बहुतेकदा हीच. आणि पाणी किती फेकायचं ते ठरवते नोझलची चकती. बैठकीचं भोक चकतीच्या भोकापेक्षा थोडं मोठं असलं की झालं.

घरच्या घरी मोजायचं असेल तर पोती तोलायचा लटकता काटा घ्या. पंप नेहमीच्या दाबावर चालू ठेवा, टाकीत साधं पाणी, गन फळीला बांधलेली. काट्याचा हूक खटक्यावर मधलं बोट येतं तिथं अडकवून ओढा. पाणी पूर्ण सुटलं की किलो वाचा. माझा स्वतःचा नियम असा की दोन किलोच्या वर गेला तर गन खोलून पिन साफ करायची, तरीही उतरला नाही तर ती गन बागेत न्यायची नाही.

नवी गन घेताना मुठीपासून खटक्याचं अंतरही बघा. उघड्या खटक्याचं अंतर पाच ते सात सेंटिमीटरमध्ये असावं. हात लहान असेल तर पाचाच्या जवळचं बरं. एका बोटाचा खटका टाळा, चार बोटं बसतील असा लांब घ्या. रंगकामाच्या गनमध्ये दोन बोटांचे आणि चार बोटांचे असे खटके मिळतात, दिवसभर काम करणारे चार बोटांचाच मागतात. तीच तर्जनी हंगामभर वापरली की शिर सुजते, सकाळी बोट वाकतं पण सुटत नाही, सोडवलं की टक्कन उघडतं. डॉक्टर त्या आजाराला ट्रिगर फिंगरच म्हणतात. इथं माझी एक तक्रार आहे, आणि ती आपल्याच जमातीबद्दल: गन विकत घेतो मालक, दाबतो गडी. दुकानात गेल्यावर गड्याच्या हातात गन देऊन “दाबून बघ” म्हणणारा मालक मी अजून पाहिला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली पलूसजवळ कारखाना उभारून लोखंडी नांगर बनवले ते आपल्या याच सांगली जिल्ह्यात. नांगराची मूठ कशी असावी हे आपल्याला कळतं, मग गनच्या मुठीचं कळायला काय हरकत आहे?

घट्ट खटक्याचं सगळ्यात मोठं नुकसान बोटाचं नाही, पानाचं आहे. हे मला एका रंगाऱ्यानं शिकवलं.

गळीत हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्या रंगवून घ्यायची गडबड असते. कुपवाडला एका शेडमध्ये माझी ट्रॉली लागली होती. रंगारी हवेच्या गननं फळ्या मारत होता. त्याचा हात आधी चालायला लागायचा, मग बोट दाबायचं. फळी संपायच्या आधी बोट सुटायचं, हात मात्र पुढं जाऊनच थांबायचा. विचारलं तर त्यानं खटका दाखवला. अर्धा दाबला की नुसती हवा सुटते, पुढं दाबला की सुई मागं सरकते आणि रंग येतो. सोडताना उलट, आधी रंग बंद, मग हवा. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी थेंबांचा गोळा पडत नाही.

आपल्या एचटीपीच्या गनला असे दोन टप्पे नसतात, आणि इथंच आपण फसतो. गड्याला वाटतं अर्धा दाबला की औषध वाचतं. प्रत्यक्षात अर्ध्या उघडलेल्या बैठकीत दाब अडतो, नोझलपर्यंत कमी पोचतो आणि धुक्याऐवजी जाड थेंब पडतात. जाड थेंब पानावरून घरंगळून खाली जातात. डाऊनी या द्राक्षाच्या रोगाची बुरशी वाढते पानाच्या खालच्या बाजूला आणि तिथं औषध पोचवायचं तर बारीक थेंबच पाहिजेत. सकाळी ताज्या हातानं पूर्ण दाबला जाणारा खटका दुपारनंतर अर्धाच दाबला जातो. आमच्या बागेत एका वर्षी फुलोऱ्यात पावसाळी हवा होती तेव्हा डाऊनी आली ती पश्चिमेच्या शेवटच्या पाच ओळींत. औषध तेच, पाणी तेच. त्या ओळी रोज संध्याकाळी व्हायच्या. नक्की हेच कारण असं छातीठोक सांगत नाही, पण पुढच्या वर्षी मी फवारणीला दोन माणसं लावली, दर टाकीला गन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात.

थोडक्यात, खटका पूर्ण दाबायचा नाहीतर पूर्ण सोडायचा. अर्धा कधीच नाही. चालताना रंगाऱ्याची चाल धरा.

आता गळतीकडं वळू. दोन सेकंदांना चार थेंब म्हणजे फार काही नाही असं वाटतं. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला ३६० मिलिलिटर औषध गड्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरतं. हातमोजा घातला असेल तर मोज्यात साठतं, ते जास्त वाईट. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण (म्हणजे जास्त विषारी औषध) असेल त्या दिवशी गळकी गन हातात द्यायचीच नाही.

गळती कुठली ते ओळखायला सोपं आहे. नोझलमधून थेंब पडत असतील तर बैठकीत कचरा किंवा पिनीची टोपी झिजलेली. खटक्याच्या खिळ्याजवळून ओघळत असेल तर पिनीभोवतीचं वायसर गेलं. चार्जिंगच्या पाठपंपावर तर ऐकूनच कळतं: खटका बंद असताना मोटर मधूनच टुर्र करून थांबते, पुन्हा टुर्र करते. दाब कुठंतरी सुटतोय म्हणून ती परत परत चालू होते. बॅटरी लवकर उतरते ही तक्रार घेऊन दुकानात जायच्या आधी ते वायसर बदलून बघा.

बैठक खराब करण्यात बोर्डो मिश्रणाचा पहिला नंबर. एक टक्क्याला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे सगळ्यांना पाठ आहे, पण चुना गाळून घ्यायचा कंटाळा येतो. चुन्याची कणी बैठकीवर अडकली की पिन तिच्यावरच आपटत राहते आणि रबराला खड्डा पडतो. चुना दुहेरी फडक्यातून गाळा. मिश्रणात घासलेला खिळा बुडवून काढल्यावर तांबूस झाला तर चुना आणखी लागतो, कारण तसलं आंबट मिश्रण पानही जाळतं आणि गनमधली लोखंडी स्प्रिंगही खातं. पाण्यात दुधाळ होणारी ईसी औषधं दुसरा त्रास देतात. त्यांच्यातल्या द्रावकानं साधं रबर फुगतं आणि खटका चिकटतो. वायसर मागताना व्हायटनचं (औषधाला टिकणाऱ्या रबराचं) मागा, महाग असलं तरी. आणि वायसरला इंजिनाचं ग्रीस लावू नका, सिलिकॉनचं लावा.

टू फोर डीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. उसातलं रुंद पानांचं तण मारायला ते वापरतात आणि आपल्याकडं ऊस आणि द्राक्ष एकाच बांधाला असतात. द्राक्षाला त्याचा वाससुद्धा चालत नाही. एका वर्षी मी उसात मारलेला पंप तीनदा धुतला, नळी धुतली, गनमधून दोन बादल्या पाणी काढलं आणि बागेत नेला. आठ-दहा दिवसांत पहिल्या दोन ओळींचे शेंडे पंख्यासारखे झाले, शिरा एकमेकींना चिकटलेल्या, कडा करवतीसारख्या. गन खोलली तर पिनीच्या मागच्या पोकळीत, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तेलकट राड होती. खटका नुसता दाबून धुताना पाणी पिनीच्या पुढून निघून जातं, मागच्या पोकळीत फिरत नाही. तेव्हापासून तणनाशकाची गन वेगळी, नळी वेगळी, पंप वेगळा. तिच्या मुठीला लाल चिकटपट्टी आणि जागा गोठ्यात, बागेच्या शेडमध्ये नाही.

खटका उघडा अडकवून ठेवायची जी कडी असते तिचं काय करायचं? लांब सलग ओळीत, पान भरल्यावर, ती हाताला आराम देते. पण पंप चालू करायच्या आधी ती सुटलेली आहे का ते बघितल्याशिवाय दोरी ओढू नका. कडी अडकलेली गन जमिनीवर असेल तर दाब येताच ती सापासारखी वळवळते, आणि पंचवीस-तीस किलोची बारीक धार कातडी फोडून आत जाऊ शकते. रंगकामाच्या वायुरहित गनमध्ये दाब दोनशे किलोच्या आसपास असतो, म्हणून तिथं खटका बंद ठेवायची वेगळी कडी असते आणि नोझल साफ करताना ती लावतातच. आपल्या गनला बहुतेक ती नसते. तेव्हा नोझल तुंबलं की आधी पंपाचा बायपास (पाणी परत टाकीत सोडणारा कॉक) उघडायचा, खटका दाबून दाब घालवायचा, मग चकती खोलायची. तोंडानं फुंकायची तर कधीच नाही, जुना टूथब्रश घ्या. धार बोटात शिरली तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि दुखतही नाही, तरी औषधाचा डबा सोबत घेऊन त्याच तासाला दवाखाना गाठा.

रोज फवारणी संपल्यावर गनमधून स्वच्छ पाणी काढताना खटका वीस-पंचवीस वेळा दाबून सोडा. आठवड्यातून एकदा मागची टोपी खोलून पिन पुसा. दोन वायसर, एक पिनीची टोपी आणि एक स्प्रिंग त्याच मापाच्या आणून शेडमध्ये डबीत घालून ठेवा, कारण डाऊनी आणणारा पाऊस पडतो तो हटकून रविवारी संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. डबीवर गनचं माप लिहून ठेवा.