आधी पायाचा अंगठा बघा

"मणक्यात गॅप आलाय" म्हणत पेशंट एमआरआयची पिशवी टेबलावर ठेवतो. माझ्याकडे फिजिओथेरपी शिकायला येणाऱ्या पोरांना मी ती लगेच उघडू देत नाही. आधी त्याला चालायला लावा. पायात करकर वाजणारी कोल्हापुरी असेल तर उत्तमच. एकाच पायाची चप्पल फटाफट आपटत असेल, नाहीतर नकळत निसटत असेल, तर पाऊल उचलणारे स्नायू कमजोर झाल्याचा संशय दारातच घ्या.

थोडं पाठांतर लागतंच. मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात: मानेच्या ८, पाठीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या (कमरेखालचं त्रिकोणी हाड) ५, माकडहाडाची १. मानेचे मणके ७ आणि नसा ८, इथं सगळे अडखळतात. पहिल्या सात नसा आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्या मणक्याच्या खालून. तिथून पुढं प्रत्येक नस आपल्या मणक्याखालून. म्हणून कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली की बहुतेकदा पाचवी नस दबते. चौथी तोवर वरच्या वर बाहेर पडलेली असते.

आता पेशंटला झोपवा, पाय उघडे ठेवा, चांगला पाय आधी तपासा. मांडी पोटाकडे उचलणं कमरेच्या दुसऱ्या नसेचं काम, गुडघा ताठ करणं तिसरीचं, पाऊल वर ओढणं मुख्यतः चौथीचं. पायाचा अंगठा वर उचलणं पाचवीचं. हीच तपासणी लोक विसरतात. ताकदीला ० ते ५ गुण. पायाच्या स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचललं की ३. त्यानंतरच तुमच्या हाताचा जोर लावा. दुखतंय म्हणून झटकन सोडलं तर तसंच लिहा, ती कमजोरी नव्हे.

गुडघ्याखाली हातोडीनं ठोकल्यावर पाय फार जोरात झटकतोय आणि तळवा खरवडल्यावर अंगठा वर जातोय? मग घोटाळा वर, मज्जारज्जूत किंवा मेंदूत. लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली, तर तपासणी तिथंच थांबवून थेट सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात, त्याच तासाला.

राहिली पोटरी, त्रिकास्थीची पहिली नस. मी नवीन असताना गंगावेशीतला एक पैलवान आला. त्याच्या तळव्याला दोन्ही हातांनी रेटलं, तसूभर हलेना. बिनधास्त ५ लिहिले. सर म्हणाले, "त्याला एका पायावर चवड्यावर उठव बघू." उजव्या पायावर वीस वेळा उठला, डाव्याची टाच जमीन सोडेना. तालमीतल्या पोटरीपुढं माझ्या हातांचा काय पाड! आता क्लिनिकची एक भिंत मोकळी ठेवलीय, टेकून टाचा उचलायला. तिथला रंग हातांच्या ठशांनी काळवंडलाय.