लांबच्या प्रवासाआधी मोटरसायकलचा गिअर लिव्हर, ब्रेक पेडल आणि लेग गार्ड कसे बसवावेत

सोलापुरातून मोटरसायकलने पुण्याला निघालेला माणूस मोहोळ आणि टेंभुर्णी मागे टाकून भिगवणजवळ येतो, तोवर त्याच्या पाठीआधी त्याचे पाय कुरकुरू लागलेले असतात. राष्ट्रीय महामार्ग ६५ चा हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा पट्टा बहुतांश सरळ आणि सपाट असल्याने गिअर फारसे बदलावे लागत नाहीत, आणि गुडघे व घोटे तासन् तास एकाच कोनात अडकून राहतात. माझा उजवा घोटा पहिल्या काही फेऱ्यांत इतका भरून येत असे की, सीटच चुकीची आहे असे समजून मी ती नव्याने शिवून घेतली. खरा दोष ब्रेक पेडलचा होता. ते फुटरेस्टच्या मानाने इतके वर होते की चुकून ब्रेक लागू नये म्हणून मी संपूर्ण प्रवासभर चवडा उचलून धरत होतो. त्यामुळे नवे सामान विकत घेण्याआधी गाडीत जे आहे तेच आपल्या पायाच्या मापाने लावून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो.

सुरुवात बुटांपासून करावी. प्रवासात जो बूट घालणार तोच घालून, गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावून, नेहमीच्या पद्धतीने सीटवर बसावे. चपलेच्या मापाने बसवलेला गिअर लिव्हर जाड बुटाच्या टोकाखाली अडकतो, हे अनेकांना महामार्गावर गेल्यावरच कळते. तळव्याचा मधला भाग फुटरेस्टवर टेकलेला असताना, टाच किंवा गुडघा न उचलता, केवळ घोटा थोडा हलवून डाव्या बुटाचे टोक लिव्हरच्या खाली आणि वर जाते का, ते पाहावे. जात नसेल तर लिव्हर हलवणे आवश्यक आहे.

लिव्हर थेट गिअरच्या शाफ्टवर बसलेला असेल, तर आधी लिव्हर आणि शाफ्ट दोन्हींवर रंगाची एक सरळ खूण करून ठेवावी. आवळणारा बोल्ट केवळ सैल करून भागत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये तो शाफ्टच्या खाचेतून जात असल्याने तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, आणि तो तसाच ठेवून लिव्हर ओढला तर शाफ्टचे दाते खराब होतात. शाफ्टवरील एका दाताचा फरकही लिव्हरच्या टोकाशी बराच मोठा होतो, म्हणून एका वेळी एकच दात सरकवून पुन्हा बसून पाहावे. लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामध्ये जोडदांडी असेल तर काम अधिक बारकाईने होते. दोन्ही टोकांचे चेकनट (दांडी जागेवर घट्ट धरून ठेवणारे नट) सैल करून दांडी फिरवली की लिव्हर थोडा थोडा वर-खाली होतो. यातील एका टोकाचे आटे बहुधा उलटे असतात, त्यामुळे नट सुटत नाही म्हणून जोर करू नये. दोन्ही टोकांना पुरेसे आटे आत राहिले आहेत, याची खात्री करूनच चेकनट आवळावेत. शेवटी मागचे चाक हाताने फिरवत सर्व गिअर वर-खाली टाकून पाहावेत.

ब्रेक पेडलला अधिक वेळ द्यावा, कारण येथील चूक केवळ पाय दुखवत नाही. पाय फुटरेस्टवर विसावलेला असताना चवडा पेडलच्या किंचित वर राहावा आणि घोटा वाकवताच दाब बसावा, अशी उंची पेडलजवळच्या थांबा-बोल्टने ठरवावी. उंची बदलली की मोकळी चालही, म्हणजे ब्रेक लागू लागण्याआधी पेडल जितके खाली जाते ते अंतरही, बदलते. ड्रम ब्रेकमध्ये ती साधारण २० ते ३० मिलिमीटर असते आणि मागच्या चाकाजवळील ब्रेक रॉडच्या नटाने लावता येते. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. डिस्क ब्रेकमध्ये पेडलच्या दाबाने ब्रेकचे तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या दांडीला अगदी थोडी तरी मोकळीक हवीच. ती नसेल तर तेलाला ब्रेकच्या तेलाच्या टाकीकडे परतायची वाट बंद राहते, तापलेले तेल फुगते आणि पेडलला पाय न लावताही ब्रेक घासू लागतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना हे घडायला फार अंतर लागत नाही. उंची बदलल्यानंतर मागचा दिवा पेडल दाबताच लागतो आणि सोडताच विझतो, हेही तपासावे. त्याचा स्विच लावताना स्विच न फिरवता त्याचा नट फिरवावा, अन्यथा तारा पिळवटतात.

आता लेग गार्ड. गाडी उभ्या उभ्या किंवा कमी वेगात आडवी झाली, तर पाय आणि इंजिन वाचवणे हे त्याचे पहिले काम आहे. पाय टेकवण्याची सोय त्यानंतर येते. गार्ड चासीला बसणारा आणि आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला घ्यावा. काही गार्ड इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टमधूनच बसतात. तशा वेळी इंजिनखाली जॅकचा आधार द्यावा, एका वेळी एकच बोल्ट काढावा आणि नवा बोल्ट योग्य लांबीचा व मजबुतीचा असल्याचे पाहावे. सर्व बोल्ट आधी हाताने सैल बसवून, पाइप कोठेही ताणला जात नाही हे पाहून, मगच क्रमाने आवळावेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचे शॉकअप दाबून मडगार्ड किंवा चाक गार्डला लागत नाही ना, हे तपासावे. गार्डवर रेक्झिनचे पडदे लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. एअर कूल्ड इंजिनला लागणारा वारा त्यांनी अडतो, म्हणून उन्हाळ्यात तरी ते काढून ठेवावेत.

गार्डवर जादा फुटरेस्ट लावायचे असल्यास पाइपाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा. घेर साधारण ७९ मिलिमीटर भरला तर पाइप २५ मिलिमीटरचा, असे समजून त्या मापाचाच क्लॅम्प घ्यावा. सीटवर बसून पाय पुढे सोडावेत, गुडघा थोडा वाकलेला असताना टाच जेथे येते तेथे सोबत्याकडून खडूची खूण करून घ्यावी. पूर्ण ताठ पाय लवकर आखडतो. घडी होणारेच फुटरेस्ट घ्यावेत, ते वर आणि मागच्या बाजूस मिटतील असे बसवावेत आणि पोटरी सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाजवळ येत नाही, हे पाहावे.

या फुटरेस्टवर पाय असताना ब्रेक आणि गिअर दोन्ही पायांपासून दूर असतात. म्हणून ते रिकाम्या, सरळ रस्त्यावर काही मिनिटे गुडघे मोकळे करण्यापुरतेच वापरावेत. गाव, टोलनाका, वळण किंवा उसाचा ट्रॅक्टर दिसताच पाय मूळ जागी आणावेत. गाळपाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यामुळे अंधार पडल्यावर या जादा फुटरेस्टवर पाय ठेवूच नये.

एवढे झाल्यावर थेट पुण्याला निघू नये. सुमारे ४५ किलोमीटरवरील तुळजापूरला जाऊन यावे. वाटेत घाट असल्याने गिअर आणि ब्रेक दोन्ही पुरेसे वापरले जातात. तेथे पोचताच मागच्या ड्रम किंवा डिस्कजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, धग नेहमीपेक्षा जास्त आहे का ते पाहावे. परत आल्यावर गार्डचे सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत आणि वेल्डिंगच्या जोडांवरील रंगाला केसासारखी भेग गेली आहे का, हे दिवसाच्या उजेडात बघावे. भेग दिसली तर त्या गार्डवर पाय ठेवणे तेव्हापासूनच बंद करावे.