राखीव जंगलात फिरायला जाताय? या चुका टाळा

प्लास्टिक टाकू नये, आरडाओरडा करू नये, हे आता बहुतेकांना पाठ आहे. खरं नुकसान होतं ते आपण ज्यांना चूक मानतच नाही अशा गोष्टींनी.

पहिली चूक घरातच होते. मागच्या भटकंतीचा चिखल लागलेले बूट तसेच पायात चढवणं. ऑस्ट्रेलियात फायटोफ्थोरा सिनामोमी नावाचा मातीतला रोगजंतू बुटांना आणि टायरांना लागलेल्या चिखलातूनही पसरतो. तो मुळं कुजवतो. बँक्सिया, जॅरा ही झाडं उभ्या उभ्या वाळतात, आणि जंगलात एकदा शिरलेल्या या जंतूला हुसकावण्याचा उपाय अजून सापडलेला नाही. म्हणूनच तिथे पायवाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश बसवलेले दिसतात. तळव्याच्या खाचांतली माती वाळल्यावर खरवडा, मग ७० टक्के मेथिलेटेड स्पिरिट फवारा. चिखलावरच स्पिरिट मारून भागत नाही, ते आत पोचत नाही. मोज्यांत रुतलेली कुसळंही वाटेत उपटून फेकू नका, ती पेरणीच झाली. खिशात ठेवा.

मोठ्या झाडांपुढे आपण आपोआप जपून वागतो, पण झुडपी रान म्हणजे मोकळी जागा समजून खुशाल आडवे घुसतो. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ती ठिपकेदार, मातीच्या रंगाची असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर फोटोच्या नादी न लागता आल्या पावली मागे फिरा.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर आणायची खोड तर मला अजिबात खपत नाही. आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला असं वाटून तो बिचारा पिल्लं सोडून भांडायला येतो.

वाट चुकलात? जिथे आहात तिथेच थांबा. रेंज शोधण्यात फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून एअरप्लेन मोड लावा. जीपीएस बहुतेक फोनांत तरीही चालतं, फक्त नकाशा निघण्यापूर्वी उतरवून घेतलेला हवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी एअरप्लेन मोड काढून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावून पाहा, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. शिट्टी असेल तर थांबून थांबून तीन-तीनदा वाजवा.

आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड सापडली, तर तेल किंवा जळती काडी लावू नका, तिचं पोटही दाबू नका.