डीएनए रिपोर्ट आणि एआय वापरून सप्लिमेंट ठरवायचेत? आधी सीबीसी काढून या

डीएनए टेस्टचे किट आता घरबसल्या मागवता येतात, नळीत थुंकी भरून पाठवायची आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट येतो की तुम्हाला व्हिटॅमिन डी कमी पडण्याची शक्यता, फोलेट (व्हिटॅमिन बी९) नीट वापरलं जात नाही, कॅफिन हळू पचतं वगैरे, आणि बऱ्याचदा शेवटी गोळ्यांची यादी जोडलेली. लोक तोच रिपोर्ट उचलून चॅटजीपीटीला नाहीतर जेमिनीला देतात आणि विचारतात, मी काय घेऊ? विचारा ना, पण क्रम बदला. आधी रक्त, मग ताटात काय असतं ते, चालू औषधं, घरातले आजार, आणि मग जीन्स. कारण जीन्समधून फक्त कल कळतो, आज शरीरात काय कमी आहे ते रक्तच सांगतं. बी१२ चंच बघा, एफयूटी२ नावाच्या जीनचे काही प्रकार असले की रक्तातलं बी१२ जरा जास्त दिसतं, पण माणूस पूर्ण शाकाहारी आणि वर कित्येक वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल (दोन्हींमुळे बी१२ कमी पडू शकतं) तर त्या जीनच्या भरवशावर बसायचं का? सरळ बी१२ तपासायचं.

तर पहिलं काम, या रक्ततपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा), बी१२, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी). केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना किंवा लॅबला सांगा, कारण जास्त डोसच्या बायोटिनमुळे थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

आता सीबीसी नीट वाचा, इथे घाई नको. हिमोग्लोबिन कमी दिसलं की आपल्याकडे लगेच आयर्नची गोळी सुरू होते. पण समजा हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६४ आणि आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) ५.८ मिलियन आहे, तर ६४ ला ५.८ ने भागा, उत्तर साधारण ११ येतं. हा आकडा १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) शंका घ्यायची, वर असेल तर आयर्न कमी असण्याची शक्यता जास्त. ही फक्त शंका, खात्री हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी टेस्टने होते, त्यात एचबीए२ हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर दिसतं, पण आयर्न कमी असलं तर तेही खाली येऊ शकतं म्हणून फेरिटिन सोबत हवंच. मायनर असेल आणि फेरिटिन चांगलं असेल तर आयर्नने हिमोग्लोबिन वाढणार नाही, उलट नको तेवढं आयर्न शरीरात साठत जाईल. सिंधी, लोहाणा, पंजाबी कुटुंबांत हे जास्त सापडतं, उल्हासनगरकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. आणि नवरा बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के. जेनेटिक माहितीने निर्णय खरंच बदलतो तो असा, आणि थुंकीवाल्या वेलनेस किटमध्ये बऱ्याचदा हेच बघितलेलं नसतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये उल्लेख नाही म्हणजे आपल्याला नाही असं समजू नका.

किटमध्ये सगळ्यात जास्त गाजावाजा एमटीएचएफआरचा, म्हणजे फोलेट वापरण्याशी संबंधित जीनचा. त्यावरून साध्या फॉलिक अॅसिडऐवजी महागडं मिथाइलफोलेट (फोलेटचाच एक प्रकार) विकलं जातं. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी स्पष्ट सांगते की या जीनचा व्हेरिअंट (बदललेला प्रकार) असलेल्या लोकांचं शरीरसुद्धा साधं फॉलिक अॅसिड वापरू शकतं, आणि बाळाच्या मणक्याचे, मेंदूचे दोष टाळण्यासाठी पुरावा फॉलिक अॅसिडचाच आहे, रोज ४०० मायक्रोग्रॅम. मूल हवं असेल तर रिपोर्ट वाचून ते परस्पर बंद करू नका, प्लीज. दूध पचत नसल्याचा जीन निघाला तर कॅल्शियमच्या डब्याआधी ताक, दही आणि नाचणी, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

एआयकडे जाताना डीएनएची कच्ची फाइल अपलोड करू नका. २३अँडमी या अमेरिकन डीएनए टेस्ट कंपनीच्या २०२३ च्या डेटा चोरीत सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलत नाही, शिवाय त्यात तुमच्या भावंडांचीही माहिती आहे आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. नाव, फोन, लॅबचा नंबर काढून फक्त कामाच्या ओळी टाइप करा आणि असं विचारा:

"वय चाळिशीच्या आसपास, शाकाहारी, औषधं ही, रक्ताचे आकडे हे, व्हेरिअंट हे. प्रत्येक व्हेरिअंटचा पुरावा किती पक्का आहे, अभ्यास कोणत्या देशातल्या लोकांवर झाला, आणि माझ्या रक्ताशी तो जुळतो का? यातली कोणती गोळी मला नको? डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न दे."

देशाचा प्रश्न मुद्दाम घातलाय, कारण यातले बहुतेक अभ्यास युरोपियन वंशाच्या लोकांवरचे आहेत. आणि उत्तर तपासा, एआय कधीकधी आरएस नंबर (डीएनएमधल्या व्हेरिअंटचा ओळख क्रमांक) ठामपणे चुकीचा सांगतं. आरएस१८०११३३ हा एमटीएचएफआरचा, डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कुठला वाचला त्यावरून कुठे तो सी आणि टी या अक्षरांत लिहितात कुठे जी आणि ए, म्हणजे फाइलमधलं एए म्हणजेच लेखांमधलं टीटी, इथे एआय सहज उलटं वाचू शकतं. नंबर डीबीएसएनपी किंवा क्लिनव्हार या व्हेरिअंटची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर फुकट बघता येतो.

एआयचा खरा उपयोग मला विचाराल तर बेरजेसाठी. घरातल्या सगळ्या डब्यांच्या मागच्या लेबलचे फोटो द्या आणि एकूण किती डी, किती बी६, किती झिंक पोटात जातंय ते काढायला सांगा, मग एकदा हाताने पडताळा. मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी आणि प्रोटीन पावडर, तिन्हीत तेच असतं बऱ्याचदा. बी६ जास्त दिवस जास्त घेतलं तर हातापायाला मुंग्या येतात आणि माणसाला वाटतं बी१२ कमी झालं. डी चं ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याचं असतं, रोज घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. थायरॉईडची गोळी आणि आयर्न किंवा कॅल्शियम यात चार तासांचं अंतर हवं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के असलेलं काहीही डॉक्टरांना न विचारता नको.

जीन्सनुसार बनवलेले महिन्याचे पॅक घेण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी तपास संस्थेने, जीएओने, खोट्या ग्राहकांच्या नावाने असे किट मागवले, नमुने खरं तर एका तान्ह्या मुलीचे आणि एका मध्यमवयीन माणसाचे. डीएनएनुसार खास म्हणून सुचवलेल्या काही गोळ्यांचा वर्षाचा खर्च सुमारे १,२०० डॉलर, आणि तसंच मल्टिव्हिटॅमिन दुकानात वर्षाला ३५ डॉलरच्या आसपास मिळत होतं.

डॉक्टरांना यादी दाखवली की एका वेळी एकच गोष्ट सुरू करा, सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा आणि साधारण तीन महिन्यांनी तोच आकडा शक्यतो त्याच लॅबमध्ये पुन्हा बघा. नीट गोळ्या घेऊनही फेरिटिन हललं नाही तर स्वतःहून डोस वाढवू नका, पाळीत जास्त रक्तस्राव, जंत, सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) किंवा पोटातून थोडं थोडं रक्त जाणं यातलं काही आहे का ते डॉक्टरांकडून शोधून घ्या.