कालच्या जेवणाची आठवण किती खरी: घरोघरी जाण्याआधीची तयारी

‘काल दिवसभरात काय काय खाल्लं?’ या प्रश्नाचं उत्तर कितपत भरवशाचं असतं, हे आपल्याला तपासायचं आहे. म्हणून सगळ्यात आधी माणसं वाटून घ्या: एक जण दिवसभर घरी बसून अन्नाचं वजन करील, दुसरा दुसऱ्या दिवशी जाऊन विचारील. विचारणाऱ्याने वजनाची वही पाहिलेली नसावी. नाहीतर तो नकळत आठवण करून देईल आणि तपासणीला अर्थच उरणार नाही. घरच्यांची संमती मात्र दोन्ही भेटींसाठी आधीच घ्या.

काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. तो रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने पडताळा आणि जादा सेल जवळ ठेवा. पातेली, कढई, परात यांची रिकामी वजनं आधीच लिहून घ्या. तेलाची बाटली सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा तोला. फोडणीतलं तेल कुणी ‘खाल्लं’ म्हणून सांगत नाही, आणि उष्मांकांची मोठी चूक तिथेच होते.

आमटीचा हिशेब आधी सरावाने पक्का करा. २०० ग्रॅम डाळीची आमटी शिजून १६०० ग्रॅम झाली आणि एकाने २४० ग्रॅम घेतली, तर त्याच्या वाट्याला ३० ग्रॅम डाळ आली. ताटात उरलेलं वजा करायचं. विचारणाऱ्याकडे वाट्या, पळ्या, पेले यांचा एकच ठरलेला संच असू द्या, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी असते. चहातली साखर, टपरीवरचा वडा, रानात खाल्लेली बोरं, मुलांचं शाळेतलं जेवण हे नाव घेऊन विचारा. ‘एवढंच?’ हा शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघता कामा नये. ज्या घरात कमी शिजतं, तिथे त्या एका शब्दाने माणूस खजील होतो आणि पुढचं सगळं वाढवून सांगतो.

बाजाराचा दिवस आणि रविवार यादीत घ्या. एकादशी-चतुर्थीची वेगळी नोंद ठेवा.

पोषणमूल्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टकं घ्या. त्यांत ५२८ पदार्थ आहेत. वजन आणि आठवण या दोन्ही बाजूंना तीच वापरा, म्हणजे उरलेला फरक कोष्टकाचा नसेल.

समोर काटा असला की लोक स्वयंपाकच बदलतात, हेही धरून चाला; म्हणून वजनाच्या नोंदीचीही वेगळी पडताळणी हवी. पैसे असतील तर काही जणांना ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ (हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड रूपं) असलेलं पाणी देऊन लघवीच्या नमुन्यांवरून शरीराचा ऊर्जाखर्च काढता येतो. वजन स्थिर असेल तर आहारातली ऊर्जा साधारण तेवढीच असते. ते परवडत नसेल तर २४ तासांच्या लघवीतल्या नायट्रोजनवरून प्रथिनांचा अंदाज घ्या. पण शेतावर जाणाऱ्या बायका लघवी साठवायचा डबा कुठे ठेवतील, हे त्यांनाच विचारून ठरवा.

विश्लेषणही आत्ताच ठरवा. नुसत्या सहसंबंधावर (दोन आकडे एकमेकांबरोबर किती वाढतात-घटतात याच्या मापावर) विसंबू नका: सगळ्यांनी खाल्ल्याच्या निम्मं सांगितलं, तरी तो पूर्ण १ येईल. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडल्याप्रमाणे प्रत्येकाच्या वजनाच्या आणि आठवणीच्या आकड्यांमधला फरक आलेखावर त्या दोन आकड्यांच्या सरासरीसमोर मांडा. कमी खाणारे जास्त आणि जास्त खाणारे कमी सांगत असतील, तर ते तिथे दिसेल.