यादीत नाव नसलेल्या माणसापासून सुरुवात करा

देशांतर्गत विस्थापितांसोबत काम करायचं आहे असं सांगणारे नवखे मला बहुतेकदा शिबिराबद्दल विचारतात. मी त्यांना आधी शिबिराबाहेर बघायला सांगते. घर सोडावं लागलेले बरेच लोक तंबूत नसतातच. ते नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोलीत, अर्धवट बांधलेल्या इमारतीत राहतात आणि म्हणून मोजणीतून निसटतात. २०२४ च्या अखेरीस जगभरात ८ कोटींहून अधिक लोक आपल्याच देशात विस्थापित होते. निर्वासितांपेक्षा ही संख्या खूपच मोठी आहे.

या लोकांनी सीमा ओलांडलेली नसते, त्यामुळे १९५१ चा निर्वासित करार त्यांना लागू होत नाही. ते नागरिकच राहतात आणि त्यांची पहिली जबाबदारी त्यांच्या सरकारची असते. कधी कधी त्याच सरकारच्या फौजेमुळे त्यांनी गाव सोडलेलं असतं. या कामातला खरा पेच इथे आहे. देशांतर्गत विस्थापनाबद्दलची १९९८ ची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं केवळ मुलाखतीपुरती नाही, तर कामासाठी म्हणून आधीच वाचा. सुदानचे मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग यांच्या पुढाकाराने तयार झालेली ही ३० तत्त्वं स्वतःहून बंधनकारक नाहीत. मात्र २००९ मध्ये स्वीकारलेला आणि २०१२ पासून अमलात आलेला याच विषयावरचा आफ्रिकेतल्या देशांचा कंपाला करार, तो मान्य करणाऱ्या देशांना बांधून घेतो.

आता नोंदणीबद्दल, कारण नवीन माणसाला बहुधा तिथेच बसवतात आणि त्याला ते कारकुनी वाटतं. पण रेशन, तात्पुरता निवारा, मुलांची शाळा, पुढे जमिनीचा दावा, सगळं त्या यादीवर उभं राहतं. नवरा बेपत्ता आहे, कागद त्याच्या नावावर आहेत आणि समोर बाई चार मुलं घेऊन उभी आहे, हा प्रसंग माझ्यासमोर पुन्हा पुन्हा आला आहे. ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं? विसावं तत्त्व स्पष्ट सांगतं की हरवलेली कागदपत्रं पुन्हा मिळण्याचा हक्क स्त्री-पुरुषांना सारखाच आहे आणि बाईला ती स्वतःच्या नावावर मिळायला हवीत. हे तत्त्व माहीत असेल तर तुम्ही स्थानिक अधिकाऱ्याशी ठामपणे बोलू शकता. नसेल तर बाई रांगेतून परत जाते.

तीच यादी चुकीच्या हाती पडली तर जिवावर बेतू शकतं. कोण कुठल्या गावचा, कुठल्या समाजाचा, हे गरजेपुरतंच विचारा. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका.

पदवी कुठलीही चालते. कायदा, नर्सिंग, पाणीपुरवठा, हिशेब, संख्याशास्त्र, प्रत्येकाला जागा आहे. मला विचाराल तर त्या भागाची भाषा दुसऱ्या पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडते. स्फिअरचे, म्हणजे मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेतले, किमान निकष तोंडपाठ असू द्या: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय. आकडे पाठ झाले तरी शौचालयाला आतून कडी आहे का, वाटेवर उजेड आहे का, हे बायकांना विचारल्याशिवाय अहवाल पूर्ण करू नका. आकडा बरोबर असूनही रात्री तिकडे कोणी जात नाही, अशी शिबिरं मी पाहिली आहेत.

पहिली नोकरी शक्यतो स्थानिक संस्थेत धरा. मोठ्या संस्था येण्याआधी आणि गेल्यानंतर तिथे तेच लोक असतात. करार छोट्या मुदतीचे असतात आणि निधी आटला की संपतात, तेव्हा घरच्यांना याची कल्पना आधीच द्या. झोप उडाली, चिडचिड वाढली, तर लगेच वरिष्ठांना सांगा आणि रजा घ्या.

मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: लोक गावी परतल्यावर संस्था किती काळ सोबत राहते? परतणं, आहे तिथेच स्थिरावणं किंवा तिसरीकडे वसणं, हे तिन्ही मार्ग मान्य आहेत आणि निवड विस्थापितांची असते. परतलेल्या माणसाच्या घरात दुसरंच कुटुंब राहत असेल, तर त्याचं विस्थापन अजून संपलेलं नसतं. या प्रश्नाला नीट उत्तर देणारी संस्था मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी तिथे जा.